गोंद काढायचा संत्र्याच्या तेलाचा स्प्रे: आठ महिने वापरल्यानंतर

रविवारी सकाळी डिकी उघडली आणि संत्र्याच्या सालीचा वास एकदम नाकात शिरला. तेव्हाच कळलं, दुसरी बाटलीही गळली. स्टेपनीवरचं कापड ओलं झालं होतं. टीव्हीच्या खोक्यातून काढून ठेवलेल्या थर्माकोलला मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं आणि भोकाच्या कडा पाकासारख्या चिकट झाल्या होत्या. आठ महिने हा स्प्रे वापरतोय आणि तीनदा त्याच्याबद्दल मत बदललंय, म्हणून आता सविस्तर लिहितो.

२०० मिलीची प्लास्टिकची बाटली, वर दाबायचा ट्रिगर, ऑनलाइन ४४९ रुपये. आत मुख्यतः लिमोनीन आहे, म्हणजे संत्र्या-लिंबाच्या सालीतून निघणारं तेल. वासामुळे ते निरुपद्रवी वाटतं, पण ते पेट घेतं. बाटलीवरही तसं लिहिलंय, फक्त इतक्या बारीक अक्षरात की मला मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचावं लागलं.

गाडी २०१७ ची वॅगनआर. मुलुंडला सोसायटीत उघड्यावरच उभी असते. गाडी आली त्याच दिवशी बाबांनी डॅशबोर्डवर डबल टेपने छोटा गणपती बसवला. पहिल्या मे महिन्यातच मूर्ती कलंडली. बाबांनी जुन्या टेपवर नवी टेप लावली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. चौथ्या वेळी बाबा वैतागले आणि सरळ फेविक्विक ओतलं. त्याचे तीन-चार थेंब ओघळून खाली एसी व्हेंटच्या काळ्या चौकटीवर पडले. त्यातच मी दोन वर्षांपूर्वी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दारांना लाइटची पट्टी बसवून घेतली. बसवणाऱ्याने चपला चिकटवायचं पिवळं सोल्यूशन वापरलं आणि डोअर पॅडवर त्या गोंदाच्या सुकलेल्या तारा तशाच सोडून दिल्या. पट्टी सहा महिन्यांत बंद पडली, तारा मात्र राहिल्या. गाडीत बसलं की नजर तिथेच जायची.

त्या पट्टीवाल्याला फोन केला तर म्हणाला, "दादा, थिनर मारा, लगेच निघंल." कृपा करून असलं काही करू नका. माझ्या मेव्हण्याने त्याच्या गाडीच्या काचेच्या बटणांभोवतीच्या चौकटीवर नेलपॉलिश रिमूव्हर लावलं होतं. त्यातल्या अ‍ॅसिटोनने गोंद निघाला, पण खालचं प्लास्टिकही विरघळलं. आज तिथे बोटाचा ठसा उमटलेला आहे, वाळलेल्या सिमेंटवर उमटावा तसा. ती चौकट एबीएस प्लास्टिकची होती. अ‍ॅसिटोनने एबीएस विरघळतं, थ्रीडी प्रिंटिंगवाले तर एबीएसच्या वस्तू गुळगुळीत करायला अ‍ॅसिटोनच वापरतात.

म्हणून फेब्रुवारीत हा स्प्रे घेतला. पहिल्या रविवारी फवारला, लगेच फडक्याने घासला. काहीच झालं नाही. टेपचा काळा फोम चुरा होऊन डॅशबोर्डच्या खवल्यांत आणखी घट्ट बसला. ४४९ रुपये पाण्यात गेले असं वाटलं आणि त्याच रात्री एक स्टार देऊन टाकला.

पुढच्या रविवारी वेगळं करून पाहिलं. किचन टिश्यूची चौपदरी घडी स्प्रेने भिजवली, गोंदावर ठेवली, वर दुधाच्या पिशवीचा कापलेला तुकडा झाकला म्हणजे तेल उडून जाणार नाही. आठ मिनिटं हात लावला नाही. झाकण उचललं तर खालचा गोंद फुगला होता. मघाशी काचेसारखा कडक होता, आता भिजवलेल्या साबुदाण्यासारखा झाला होता. जुन्या एटीएम कार्डाची कड आडवी धरून हळूच ढकलली आणि सात वर्षांचा तो थर गुंडाळी होऊन एकाच वेळी सुटून आला. मी बाबांना वरून खाली बोलावलं, फक्त ते बघायला.

डबल टेपचा गोंद खरं तर फेव्हिकॉलसारखा वाळत नाही. तो कायम चिकटच असतो, फक्त वर्षानुवर्षं उन्हात राहून ताठरतो. पाण्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही, पण तेल त्याच्यात मुरतं, तो फुगतो आणि प्लास्टिकवरची पकड सोडतो. मुरायला वेळ लागतो, एवढंच. आपण घासायची घाई करतो आणि गोंद निघायच्या आत प्लास्टिकची चमक घालवून बसतो. एक स्टारचा चार केला. पाचवा दिला नाही, कारण खवल्यांत अडकलेला चुरा काढायला जुना टूथब्रश घेऊन अजून पाऊण तास लागला. नंतर भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब कोमट पाण्यात टाकून बनियनच्या फडक्याने दोनदा पुसलं. ते पुसणं टाळू नका. तेलाचा अंश राहिला तर तिथे चकचकीत डाग दिसतो आणि धूळ बसते.

मग आलं ते गळणं. खरेदीला बरोबर तीन आठवडे झाले होते. बाटली उभी ठेवलेली, ट्रिगर लॉक केलेला, तरी मानेतून थेंब थेंब झिरपत होतं. ट्रिगर उघडून बघितला. आतलं काळं रबराचं वॉशर फुगून जागेवरून बाहेर आलं होतं, उडदाच्या डाळीएवढी वस्तू चण्याएवढी झाली होती. ते हातात धरून मी बराच वेळ बघत होतो. जे द्रव्य रबरी गोंद फुगवायला विकतात, त्याच्याच तोंडाशी रबर लावलंय! चारशेएकोणपन्नास रुपये घेताना एवढा विचार करायला नको? लिमोनीनमध्ये न फुगणारी वॉशर्स मिळतात, आणि ते महाग वाटत असेल तर साधं फिरकीचं झाकण लावा, आम्ही कापसाने लावून घेऊ. २०० मिलीतलं निदान ८० मिली सांडलं. म्हणजे जवळपास १८० रुपये कापडाने प्यायले.

कस्टमर केअरला मेल केला, फुगलेल्या वॉशरचा पट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो जोडला. उत्तर आलं की बाटली उघडलेली असल्यामुळे बदलून मिळणार नाही. उघडल्याशिवाय ट्रिगर गळतो हे मला कसं कळणार होतं? दुसऱ्या मेलला उत्तर आलं की गाडीत ठेवल्यामुळे उष्णतेने झालं असेल. तेव्हा मार्च होता आणि बाटली घरात सिंकखाली होती, ती गळल्यावरच मी डिकीत ठेवली होती. तिसऱ्या मेलला उत्तरच नाही. शेवटी १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन करून तक्रार नोंदवली. फुकट आहे आणि मराठीतही बोलतात. बारा दिवसांत नवी बाटली आली. तोच ट्रिगर, तेच वॉशर. तीच बाटली परवा गळली.

पहिली बाटली गळली तेव्हाच मी उरलेलं द्रव्य निलगिरी तेलाच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत ओतलं होतं. त्या बाटलीतून आजपर्यंत थेंबही गळलेला नाही. नवी बाटली आली तेव्हा मात्र आळस केला, ट्रिगर तसाच ठेवला. ती चूक माझी.

एप्रिलमध्ये दाराचं काम काढलं. पिवळ्या सोल्यूशनच्या तारांवर पहिल्या दोन वेळा अजिबात परिणाम झाला नाही. तिसऱ्यांदा वीस मिनिटं झाकून ठेवलं, तेव्हा त्या मऊ पडल्या आणि बोटाने गोळा करता आल्या. घासून काढायचं नसतंच हे, बोटाच्या पेराने गोल फिरवत त्याची गोळी करायची, पोळीच्या कणकेचे हाताला लागलेले अंश आपण काढतो तसं. चार दारं, दोन रविवार. इथे स्प्रेने पैसे वसूल केले असं मी मनापासून म्हणेन.

पण चौथ्या दारावर बटणांजवळच्या गुळगुळीत काळ्या पट्टीवर टिश्यू ठेवून फोन घेतला आणि अर्धा तास बोलत बसलो. तिथली चमक गेली. धुरकट, दोन रुपयांच्या नाण्याएवढा डाग. परवा थर्माकोलला पडलेलं भोक बघितल्यावर त्याचा उलगडा झाला. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, लिमोनीनमध्ये ते साखरेसारखं विरघळतं. एबीएसमधला एस म्हणजे स्टायरीन, त्याच कुळातला. थोडा वेळ चालतं, फार वेळ नाही. डॅशबोर्ड आणि डोअर पॅडचा मोठा भाग बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचा असतो, तो या बाबतीत बराच सोशिक. कुठलं काय आहे हे ओळखायला अंदाज लागत नाही. ट्रिम, म्हणजे तो प्लास्टिकचा भाग, काढला की मागच्या बाजूला प्लास्टिकमध्येच अक्षरं उमटवलेली असतात, पीपी (म्हणजे पॉलिप्रॉपिलीन) किंवा एबीएस. पीपी असेल तर निवांत, एबीएस असेल तर पाच मिनिटांचा अलार्म लावायचा. मीटरच्या पुढच्या पारदर्शक काचेला यातलं काहीही लावायचं नाही, ती काच नसून प्लास्टिक असतं आणि त्याच्यावर लगेच बारीक तड्यांची जाळी येते.

मेमध्ये एक सोय आपोआप झाली. आमच्या पार्किंगमध्ये प्लग नाही, त्यामुळे टेप तापवून मऊ करायला हेअर ड्रायर वापरता येत नव्हता. पण दुपारी एक वाजता गाडी अर्धा तास उन्हात उभी केली की मोबाइल होल्डरखालची टेप इतकी मऊ होते की दाताच्या फ्लॉसचा धागा मागून करवतीसारखा फिरवला तरी होल्डर सुटून येतो. स्प्रेचा थेंबही लागत नाही. स्प्रे लावायचा तो मात्र नंतर, गाडी सावलीत आणून, चारही काचा खाली करून. तापलेल्या बंद गाडीत हे तेल उडवणं धोक्याचं आहे, आणि डोकंही असं धरतं की संध्याकाळ वाया जाते. म्हणूनच जून ते सप्टेंबर मी हे काम बंद ठेवलं. पावसात काचा उघडता येत नाहीत.

आता फेविक्विकबद्दल, कारण स्प्रे घेतला होता तो मुख्यतः त्यासाठी. वेष्टनावर "सर्व प्रकारचे गोंद" असं लिहिलंय. ते खरं नाही. फेविक्विक म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं आणि घट्ट झाल्यावर स्वतःच एक कडक प्लास्टिक बनतं. संत्र्याचं तेल त्याच्यात मुरत नाही. मी पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, पुन्हा पुन्हा ठेवून बघितलं, थेंब जसेच्या तसे.

गंमत डॅशबोर्डवर झाली. वर जिथे बाबांनी जवळपास पूर्ण ट्यूब ओतली होती, तिथला सगळा थर कार्डाने टिचकी मारल्यासारखा टपकन उडाला. डॅशबोर्ड पॉलिप्रॉपिलीनचा, आणि त्याच्यावर सायनोअ‍ॅक्रिलेट धड धरतच नाही. म्हणूनच मूर्ती पुन्हा पडत होती. शिवाय दर महिन्याला धुणारा पोरगा डॅशबोर्डला सिलिकॉनचं पॉलिश मारायचा, त्याच्यावर कुठलीच टेप टिकली नसती. बाबा इतकी वर्षं टेपच्या कंपन्यांना नावं ठेवत होते!

खाली व्हेंटच्या चौकटीवर मात्र उलट परिस्थिती. चौकट काढून मागे बघितलं, एबीएस. तिथे फेविक्विकने हाडाशी हाड जुळल्यासारखी पकड घेतली आहे. ते विरघळवणारं अ‍ॅसिटोन चौकटही विरघळवणार. मी कोमट साबणाच्या पाण्यात चौकट रोज बुडवून ठेवली, आठवडाभर. दोन थेंबांच्या कडा सैल झाल्या आणि नखाने निघाल्या. दोन थेंब अजून तिथेच आहेत. त्यांच्याभोवती जी पांढरी धुरकट छटा होती, ती गोंदाच्या वाफा बसून आलेली असते, ती बरीचशी निघाली. नवी चौकट मिळते, पण दोन थेंबांसाठी मी नवी घेणार नाही.

पैशांचा हिशेब करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ऑक्टोबरमध्ये बहिणीच्या गाडीतल्या टेपच्या डागावर केमिस्टकडचं साधं निलगिरी तेल वापरून बघितलं, शंभराच्या आत मिळालेली छोटी बाटली. टेपचा गोंद निघाला, फक्त आठऐवजी बारा-तेरा मिनिटं लागली. वेळेची तीच काळजी घ्यायची, तेही एबीएसवर फार वेळ ठेवू नये. एकदोन डागच असतील तर ४४९ रुपये घालवू नका. पिवळ्या सोल्यूशनवर मात्र निलगिरी कमी पडलं, तिथे हा स्प्रेच लागतो. तिच्या गाडीत डाग नेमका डावीकडे एअरबॅगच्या झाकणावर होता. २०२१ पासून नव्या गाड्यांत पुढे दोन एअरबॅग सक्तीच्या झाल्यात, तेव्हा त्या झाकणावर मूर्ती, परफ्यूमची बाटली, काहीही चिकटवू नका. एअरबॅग उघडली तर ती वस्तू थेट तोंडावर येते. तिला हे सांगितल्यावर तिने तिथेच दत्ताची मूर्ती उचलून पर्समध्ये ठेवली.

परवाची गळती पुसून झाली. उरलेलं द्रव्य, साधारण दीडशे मिली, काचेच्या दुसऱ्या बाटलीत भरलं, दोन्ही ट्रिगर फेकून दिले, आणि कंपनीला चौथा मेल केला, या वेळी थर्माकोलच्या भोकाचा फोटोही जोडला. बाबांचा गणपती आता डॅशबोर्डच्या मध्यभागी, कापून बसवलेल्या सिलिकॉनच्या न घसरणाऱ्या चटईवर आहे, गोंदाशिवाय. ईस्टर्न एक्स्प्रेसवर ऐरोली सिग्नलच्या अलीकडे काल जोरात ब्रेक मारावा लागला. बाबांनी आधी मूर्तीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मूर्ती जागेवर होती.