जर्मिनल सेंटरचं मॉडेल: समीकरणं की एकेका पेशीचं सिम्युलेशन?

लस टोचल्यावर लिम्फ नोडमधल्या (लसिका गाठीतल्या) जर्मिनल सेंटर नावाच्या पेशींच्या पुंजक्यात बी-पेशी, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी, म्युटेशन (जनुकात बदल) करत करत लक्ष्याला अधिक घट्ट चिकटणारी अँटीबॉडी शोधतात. प्रोजेक्टला हा विषय घेतलात की पहिली अडचण पद्धतीची. पेशींच्या गटांची विकलक समीकरणं मांडायची, की एकेक पेशी सुटी धरून सिम्युलेशन चालवायचं?

समीकरणांना जुनाट म्हणून नाक मुरडू नका. १९९३ साली थॉमस केपलर आणि अ‍ॅलन पेरेल्सन यांनी विचारलं, म्युटेशनचा वेग केव्हा किती ठेवला तर सर्वांत जास्त फायदा? बहुतेक म्युटेशन नुकसानच करतात, त्यामुळे ती सतत चालू ठेवली तर कमावलेलंही हातचं जातं. गणिताने उत्तर दिलं: थोडा वेळ म्युटेशन, मग ती थांबवून चांगल्या पेशींची वाढ, मग पुन्हा म्युटेशन. म्हणजे पेशी जर्मिनल सेंटरच्या दोन भागांत (एकात म्युटेशन, दुसऱ्यात निवड) ये-जा करत असणार, असा त्यांचा तर्क. २०१० मध्ये उंदरांच्या लिम्फ नोडमधल्या पेशींवर प्रकाशाने खूण करून माग काढला, तेव्हा ती ये-जा स्पष्ट दिसली. कागदावरच्या गणिताला याहून मोठी शाबासकी कुठली?

पण एक खोट आहे. माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये शेवटी जिंकलेला वंश (एकाच पेशीची सगळी पिल्लावळ) सुरुवातीला ०.०३ पेशी एवढाच होता! समीकरणाला त्याचं काही वाटत नाही. प्रत्यक्षात दर विभाजनाला डीएनएच्या हजार अक्षरांमागे साधारण एक म्युटेशन होतं. अँटीबॉडीचा बदलता भाग तिच्या दोन्ही साखळ्या मिळून सुमारे ७०० अक्षरांचा, म्हणजे पेशीमागे दर विभाजनाला सरासरी एकही म्युटेशन नाही. कामाचं म्युटेशन एकाच पेशीत जन्मतं, आणि टी-पेशीची (चांगल्या बी-पेशींना जगवणाऱ्या मदतनीस पेशीची) मदत मिळण्याआधी ती मेली तर खेळ खलास. एकाच लिम्फ नोडमधल्या एका जर्मिनल सेंटरवर एकच वंश कब्जा करतो आणि दुसऱ्यात अनेक नांदतात, त्यात या नशिबाचा मोठा वाटा असतो. ते पकडायला सिम्युलेशनच हवं.

मात्र सिम्युलेशनमध्ये पॅरामीटर इतके, की फिरवाफिरवी करून हवा तो आलेख काढता येतो. परीक्षकही हेच विचारतात.

चार महिने हाताशी असतील आणि प्रश्न सरासरीचा असेल (डोस किती, बूस्टर कधी), तर समीकरणं घ्या. एचआयव्हीविरुद्धच्या दुर्मिळ, व्यापक (विषाणूच्या अनेक प्रकारांवर चालणाऱ्या) अँटीबॉडीचा प्रश्न असेल तर सिम्युलेशन. पण आधी म्युटेशन आणि स्पर्धा दोन्ही बंद करून त्याची सरासरी समीकरणाशी ताडून बघा. माझी जुळली नव्हती. कोडमध्ये मेलेल्या पेशी विभागत होत्या.