नेटगिअर नाइटहॉक आर७०००: पेटी दणकट, फर्मवेअर कच्चं

२०१३ साली आलेला हा राउटर आजही जुन्या बाजारात सहज मिळतो आणि आकडे पाहून मोह होतो. १ गिगाहर्ट्झचा दोन कोअरचा ब्रॉडकॉम प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, १२८ एमबी फ्लॅश, पाचही इथरनेट पोर्ट गिगाबिट, तीन अँटेना, पुढे यूएसबी ३.० आणि मागे २.०. वाय-फाय एसी१९००, म्हणजे कागदावर ५ गिगाहर्ट्झवर १३०० आणि २.४ वर ६०० एमबीपीएस. दोन-तीन खोल्यांच्या घराला रेंज पुरते. हार्डवेअरबद्दल तक्रार नाही, एवढं सांगून पुढे जाऊ. घ्यायचा की नाही हे आतल्या फर्मवेअरवर, म्हणजे राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ठरतं.

जून २०२० मध्ये ग्रिम या अमेरिकी सुरक्षा कंपनीने या राउटरच्या वेब सर्व्हरमधलं, म्हणजे एचटीटीपीडीमधलं, एक भोक जाहीर केलं. व्हिएतनामच्या व्हीएनपीटी आयएससीमधल्या संशोधकालाही तेच स्वतंत्रपणे सापडलं होतं आणि झीरो डे इनिशिएटिव्ह या सुरक्षाचुका कळवणाऱ्या उपक्रमामार्फत नेटगिअरला आधीच कळवलेलं होतं. फर्मवेअर अपलोड करताना जी .सीएचके फाइल आपण देतो, तिच्या सुरुवातीला हेडर असतो आणि त्यात ‘हेडर इतक्या बाइटचा आहे’ असा आकडा लिहिलेला असतो. सर्व्हर तो आकडा जसाच्या तसा खरा मानतो आणि तेवढे बाइट मेमकॉपी या नक्कल करणाऱ्या फंक्शनने स्टॅक नावाच्या मेमरीतल्या ठरावीक मापाच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, ओततो. आकडा फुगवून दिला की बफर भरून डेटा पुढे सांडतो आणि फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं तो पत्ताही पुसून त्या जागी हल्लेखोराचा पत्ता बसतो. बाहेरून आलेल्या आकड्याची बफरच्या मापाशी तुलना करणारी एक ओळ लिहिली असती तर हे टळलं असतं.

अशी चूक कुठल्याही सी प्रोग्रॅममध्ये होऊ शकते. ती पचवायला स्टॅक कुकी असते: परतीच्या पत्त्याआधी ठेवलेला एक गुप्त आकडा. तो बिघडलेला दिसला की प्रोग्रॅम तिथेच थांबतो. इथे ती नव्हती. पत्ते दरवेळी बदलणारी एएसएलआरची सोयही कामाची नव्हती, कारण एचटीटीपीडी पीआयई न वापरता बांधलेला, म्हणजे त्याचा स्वतःचा कोड प्रत्येक राउटरवर एकाच पत्त्यावर. शिवाय सगळं रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकारात चालतं. ग्रिमच्या प्रात्यक्षिकात ८८८८ पोर्टवर पासवर्ड न मागणारं टेलनेट, म्हणजे दुरून कमांड देण्याची वाट, उघडायचं आणि राउटर पूर्ण हातात यायचा.

‘आमचं रिमोट मॅनेजमेंट (बाहेरच्या इंटरनेटवरून राउटर हाताळण्याची सोय) बंद आहे, पासवर्डही तगडा आहे’ हे उत्तर इथे अर्धंच चालतं. चूक लॉगिन तपासण्याच्या आधी घडते, म्हणून पासवर्डचा उपयोग शून्य. विनंती राउटरच्याच पानावरून आली की परक्या साइटने घडवली हे ओळखणारं सीएसआरएफ टोकन तपासण्याच्याही आधी ती घडते, त्यामुळे घरातल्या कुणी एखादं दुष्ट वेबपान उघडलं तर त्याचाच ब्राउझर आतून राउटरकडे ती फाइल पाठवू शकतो. रिमोट मॅनेजमेंट बंद ठेवायचंच, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

ग्रिमच्या मोजणीत हीच चूक ७९ मॉडेल आणि ७५८ फर्मवेअर आवृत्त्यांत निघाली, काही २००७ पासूनच्या. कंपनीने दुरुस्त्या काढल्या, पण ४५ मॉडेल ‘सपोर्टची मुदत संपली’ म्हणून तशीच सोडली. आर७००० ला दुरुस्ती मिळाली हे त्याचं नशीब. मात्र हा सुटा अपघात नव्हता. डिसेंबर २०१६ मध्ये याच राउटरमध्ये वेब पत्त्यातूनच कमांड चालवता येते असं निघालं, तेव्हा दुरुस्ती येईपर्यंत वापरच थांबवा असं सर्ट-सीसी या सुरक्षा समन्वय केंद्राने सुचवलं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्कल या पालक-नियंत्रणाच्या भागात नवी चूक सापडली: तो रूट म्हणून चालतो, अपडेट साध्या, कूटबद्ध नसलेल्या एचटीटीपीवरून डिजिटल सहीशिवाय आणतो आणि सुविधा चालू केली नसली तरी आणतोच. न वापरलेल्या गोष्टीचाही धोका घरमालकाच्याच माथी!

जुना घेताना पैसे देण्याआधी तो चालू करून लॅपटॉप वायरने जोडा आणि १९२.१६८.१.१ या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘करंटसेटिंग डॉट एचटीएम’ उघडा (अर्थात इंग्रजी अक्षरांत). मॉडेल आणि फर्मवेअर आवृत्ती लॉगिनशिवाय दिसते. हल्लेखोरही नेमकी आवृत्ती ओळखायला हेच पान वापरतो. कंपनीच्या साइटवरच्या ताज्या आवृत्तीपेक्षा जुनं काही दिसलं, तर इंटरनेटला जोडण्याआधी अपडेट करायचं. दुसऱ्या जोडणीवरून कंपनीच्या साइटवरची झिप उतरवा, उघडून .सीएचके बाहेर काढा आणि ॲडव्हान्स्ड, ॲडमिनिस्ट्रेशन, मग अपडेट अशा वाटेने वायरवरूनच चढवा. वाय-फायवरून नको, आणि वीज जाण्याची शक्यता असेल तर १२ व्होल्ट ३.५ अँपिअरचा अडॅप्टर यूपीएसवर लावा. अर्धवट फ्लॅश झाला तर एनएमआरपीफ्लॅश या साधनाने बहुधा वाचतो, पण ती झकमारी कशाला. नंतर रीसेट करून सगळं हाताने भरा, जुन्या सेटिंगचा बॅकअप परत चढवू नका. रिमोट मॅनेजमेंट आणि यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद, पाहुण्यांच्या नेटवर्कला घरच्या नेटवर्कमध्ये शिरू देणारी टिचकी काढलेली.

दुसऱ्या राउटरला जोडून फक्त ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केवळ वाय-फायसाठी, वापरलात तरी मूळ फर्मवेअरचा वेब सर्व्हर घरात चालूच राहतो, त्यामुळे अपडेट तिथेही चुकत नाही.

आमचं मत: मूळ फर्मवेअरवरच ठेवायचा असेल तर घेऊ नका. फ्रेशटोमॅटो हे पर्यायी मोफत फर्मवेअर चढवणार असाल तर स्वस्तात हा चांगला सौदा आहे. आधी नेटगिअरच्या पानावरून चढणारी ‘इनिशियल’ फाइल, मग फ्रेशटोमॅटोच्या पानावरून मुख्य फाइल, शेवटी एनव्हीरॅम, म्हणजे सेटिंग साठवणारी मेमरी, पुसणं, असा क्रम. लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, तिथेही जुनाच २.६.३६, कारण वाय-फायचे ड्रायव्हर ब्रॉडकॉमचे बंदिस्त आहेत, पण वेब सर्व्हर वेगळा आणि सर्कल नाही. पूर्ण गिगाबिटचा वेग हवा असेल तर सीटीएफ ही ब्रॉडकॉमची वेग वाढवणारी सोय चालू करावी लागेल, आणि मग क्यूओएस, म्हणजे कुठल्या वापराला आधी वेग द्यायचा ते ठरवणं, सोडावं लागेल. ओपनडब्ल्यूआरटी या दुसऱ्या पर्यायी फर्मवेअरचा विचार इथे करू नका, त्या ड्रायव्हरपायी वाय-फायच रडतं.