कॉलेजसाठी लॅपटॉप: स्वस्तातला कोरा करकरीत, की ऑफिसातून निवृत्त झालेला?

भावाने पुतण्यासाठी नवा घेतला, मी मुलीसाठी रिफर्बिश्ड, म्हणजे ऑफिसात वापरून झालेला, तपासून-दुरुस्त करून परत विकलेला. दोघंही बीएस्सी आयटीला आणि बजेट दोघांचं पस्तीस हजाराच्या आत, त्यामुळे दोन्ही मशीन आमच्याकडे सणावाराला शेजारीशेजारी टेबलावर येतात. एसएसडी पाहिजे, आठ जीबी रॅमच्या खाली जाऊ नका वगैरे आता कोणाला सांगायची गरज नाही, ते सोडून बोलतो.

नव्याचं आधी चांगलं सांगतो, कारण ते आहेच. एक वर्षाची वॉरंटी, कोरी बॅटरी, हातात घेतला की हलका लागतो, पोरगं खूश. फक्त नंबरावर जाऊ नका. पुतण्याच्यात एएमडीचा रायझेन ५ ७५२०यू प्रोसेसर आहे, ७००० सिरीज म्हणजे एकदम लेटेस्ट असं दुकानदार सांगतो, पण त्या नंबरातला तिसरा आकडा बघायचा. तो २ म्हणजे आतली चिपची रचना 'झेन २', जी बाजारात आली २०१९ ला. शिवाय या चिपला एलपीडीडीआर५ रॅमच चालते आणि ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणजे आठ घेतली की शेवटपर्यंत आठच.

माझ्याकडचा लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, २०१८ चं मॉडेल. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून घेतला, जीएसटीचं पक्कं बिल आणि दुकानाची सहा महिन्यांची वॉरंटी. नव्याच्या मानाने बराच स्वस्त पडला आणि त्या वाचलेल्या पैशात आठ जीबीची अजून एक स्टिक टाकली, कारण यात रॅमचे दोन स्लॉट आहेत. दिसायला काळा ठोकळा, स्क्रीन पुतण्याच्यापेक्षा थोडी मंद वाटते, आणि कीबोर्डवरची काही बटणं आधीच्या मालकाने घासून चकचकीत केलेली, मुलगी पहिले दोन दिवस नाक मुरडत होती. कोडिंग, ब्राउझरमध्ये पंधरा टॅब, पीपीटी, एवढ्यात तरी मला दोघांच्या स्पीडमध्ये काही फरक जाणवला नाही. घड्याळ लावून मोजलेलं नाही हां, नुसता अंदाज.

आता खरी गोष्ट, चार्जर. माझ्यासाठी सगळा निकाल इथेच लागला.

नव्या लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे, बॉक्सवर ठळक लिहिलंय, पण तो फक्त डेटासाठी. चार्जिंग गोल पिनने. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या रेंजमध्ये हा प्रकार बऱ्याच जणांचा आहे. आता आपल्याकडचा प्रवास धरा, मुलुंड ते माटुंगा, सकाळची स्लो, बॅग पाठीवरून पुढे पोटावर घेतलेली, त्यात लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली, जर्नल आणि वर वायरींचं ते भेंडोळं. बरं नेलं तरी लॅबमध्ये प्लग पॉइंट मिळेल तर शपथ, आणि घरी विसरला तर वर्गातल्या कोणाचीच पिन जुळत नाही. पुतण्या दुपारनंतर निम्म्या वेळा वहीवर लिहीत बसलेला असतो. मुलीचा टाइप-सीवर चार्ज होतो. एकच ६५ वॉटचा छोटा चार्जर, त्याच्यावरच फोन, आणि विसरली तर मैत्रिणीचा चालतो. वर मागची बॅटरी मशीन चालू ठेवून बदलता येते, कारण आत अजून एक छोटी आहेच. दुकानदार मागची २४ वॉट-अवर क्षमतेची देत होता, मी पैसे टाकून ७२ वाली घेतली, त्याने वजन वाढलं पण कॉलेजचा दिवस निघतो.

एक मात्र लक्षात ठेवा, मोबाइलबरोबर आलेला जाडजूड फास्ट चार्जर लॅपटॉपला चालेलच असं नाही, कितीही वॉट लिहिलेले असू देत. त्यावर पीडी (पॉवर डिलिव्हरी, टाइप-सीवरून चार्जिंगची पद्धत) लिहिलेलं आणि बारीक अक्षरात २० व्होल्ट दिसलं पाहिजे. आणि नवाच घ्यायचा असेल तर पैसे देण्याआधी त्या दुकानातच टाइप-सी चार्जर लावून दाखवायला सांगा, सेल्समनच्या "हो सर, होतं"वर जाऊ नका.

जुना घेणार असाल तर थोडी कटकट आहे, खोटं कशाला बोलू. टी४८० इंटेलच्या सातव्या जनरेशनच्या आय५ प्रोसेसरमध्येही यायचा, तो घेऊ नका, विंडोज ११ अधिकृतपणे आठव्यापासून पुढे आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आठव्या जनरेशनचा आय५ ८२५०यू किंवा ८३५०यू बघून घ्या. स्क्रीन फुल एचडी आहे ना बघा, १३६६ बाय ७६८ वालेही फिरतायत. सुरू करताना एफ१ दाबून बायोस (मशीनची मूळ सेटिंग) उघडा, आधीच्या मालकाचा पासवर्ड मागितला तर मशीन तिथेच ठेवून पुढच्या दुकानात. आणि या मॉडेलच्या थंडरबोल्ट फर्मवेअरमध्ये (टाइप-सी पोर्ट चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) एक घोळ होता ज्याने टाइप-सी पोर्टच बंद पडू शकतो, लेनोवोने त्याचं अपडेट दिलेलं आहे, ते टाकूनच मशीन हातात घ्या, नाहीतर ज्यासाठी घेतला तेच जायचं.

हे सगळं तपासायला बरोबर कोणी जाणकार नसेल, किंवा वर्षभराच्या वॉरंटीशिवाय झोप लागत नसेल तर नवा घ्या, वाईट नाही, फक्त पीडीवाला शोधा, दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील. आर्किटेक्चर नाहीतर अॅनिमेशन शिकणाऱ्यांनी मात्र या दोन्हीत पडू नका, त्यांना ग्राफिक्स कार्ड लागणार, आणि त्या मशीनबरोबर विटेएवढा चार्जर आलाच.