सांधा जाड, बोट बारीक: उघडणाऱ्या अंगठीचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

उघडणारी अंगठी, म्हणजे जाड सांध्यावरून न ओढता बिजागरीवर उघडून घालायची आणि खटक्याने बंद करायची, करून घ्यायचा विचार असेल तर आधी तिचा खटका बघा. डिझाइन, पॉलिश, खडा, सगळं नंतर. माझी दुरुस्त होऊन परत बोटात आलीये म्हणून आता शांतपणे लिहितेय, दुकानाशी भांडण चालू होतं तेव्हा लिहिलं असतं तर सूर फार वेगळा लागला असता.

माझी मापं देते, कारण या विषयात सगळं त्यावरच ठरतं. अंगठीचा आतला घेर मिलिमीटरमधे मोजला तर मधल्या सांध्यावर ६० आणि बोटाच्या मुळाशी ५४, अमेरिकन मापात साधारण ९ आणि ७. लग्नात असं नव्हतं, बोट सरळ होतं. नंतर ऑस्टिओआर्थ्रायटिसमुळे मधल्या सांध्यावर हाडाची गाठ वाढली, डॉक्टर त्याला बुशार्ड नोड म्हणतात. हे हाड आहे, सूज नाही, त्यामुळे साबण लावा, तेल लावा, हात थंड पाण्यात बुडवा, गाठ आहे तेवढीच राहते. वरून कधी सूज आलीच तर ती वेगळी. म्हणून माप एकदाच घेऊन थांबू नका, सकाळी घ्या, संध्याकाळी घ्या, उकाड्यात घ्या, आणि सांध्याचं नि मुळाचं वेगवेगळं लिहून ठेवा. दुकानात बहुतेक वेळा सांध्यावरून मापाचं कडं जातंय का एवढंच बघतात आणि तोच आकडा लिहितात.

नवी अंगठी घ्यायची नाही हे माझं पक्कं होतं. लग्नातली आहे, २२ कॅरेट, चांगली रुंद, वर एक छोटा खडा, आणि ती असताना दुसरीवर पैसे का घालायचे? तर पहिला उपाय सगळे सांगतात तोच केला. अंगठी कापून, सोनं घालून सांध्याच्या मापाची केली आणि आतून खालच्या बाजूला दोन छोटे मणी सोल्डर केले. मण्यांमुळे साधारण अर्धं ते एक माप कमी होतं, आणि अंगठी फिरत नाही असं म्हणतात. माझी फिरायची. दिवसभर खडा तळहाताकडे, मूठ वळली की टोचणार, भांडी घासताना तर रोज. ६० वरून मण्यांनी किती कमी होणार, ५७-५८, आणि खाली बोट ५४. शेवटी ती काढून डबीत ठेवली आणि मणी हा प्रकार भंगार आहे असं मी दोन-तीन जणींना ठासून सांगितलं.

मग उघडणारं कडं बसवून घेतलं. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला खटका. सांध्यावरून ओढायचंच नाही, कडं उघडायचं, बोटाच्या मुळाशी बाजूने घालायचं आणि बंद करायचं. बंद केल्यावर आतला घेर ५५. सांधा ६० चा, म्हणजे बंद असेपर्यंत निसटायचा प्रश्नच नाही, जो सांधा इतकी वर्षं आडवा आला तोच आता अंगठी राखतो. आधी वाढवताना घातलेलं सोनं आता जास्तीचं झालं, ते समोर वजन करून परत मागून घेतलं. तुम्हीही घ्या, आपणहून कोणी देत नाही.

पहिल्या दिवशी खटका ‘टक्’ असा लागला आणि खडा वरच्या वर राहिला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याला तो आवाज चार वेळा ऐकवला. पुढचे काही महिने मी ज्याला त्याला हीच अंगठी सांगत होते. हात सुजला तरी भीती नाही, उघडली की झालं. साधी अंगठी सुजलेल्या बोटात अडकली तर दोरा गुंडाळून काढायचा प्रयत्न करावा लागतो, नाहीच निघाली तर कापावी लागते, ते सगळं टळलं.

आणि मग आवाज बदलला. ‘टक्’ चं ‘टुक्’ झालं. घरात कोणाला फरक कळेना पण मला रोज ऐकू यायचा, बंद केल्यावर नखाने ढकललं की कडं किंचित हलायचं. एक दिवस रबरी हातमोजा काढला तर बोट रिकामं, अंगठी मोज्याच्या आत उघडी पडलेली. मोजा नसता तर सिंकमधून गेली असती.

दुकानात गेले. काउंटरवर उत्तर तयार: ही वापराची झीज आहे, वॉरंटी सोन्याची आहे, खटक्याची नाही. म्हणजे ज्या भागासाठी मी मजुरी मोजली तोच भाग वॉरंटीत नाही! पावतीवर असं कुठे लिहिलंय ते दाखवा म्हटलं, तर लिहिलेलं नव्हतं. वर सल्ला काय, तर रोज काढघाल करू नका. अहो, काढता यावी म्हणूनच तर ती उघडणारी केली ना? मी हटून बसले की ज्याने काम केलं त्या कारागिराला बघू द्या. आले एकदाचे ते आतून. भिंग लावून बघितलं आणि लगेच म्हणाले, ताई, रंग जुळावा म्हणून खटक्याची जीभ, म्हणजे आत जाऊन अडकणारी पट्टी, पण २२ कॅरेटचीच ठेवली होती, ती घासली गेलीये. मऊ पडते ती या कामाला.

मूळ कारण हेच. २२ कॅरेट म्हणजे ९१६, त्यात मिश्र धातू अगदी थोडा, म्हणून सोनं मऊ. अंगठीच्या कड्याला चालतं, पण रोज घासत आत-बाहेर होणाऱ्या जिभेला चालत नाही. १८ कॅरेटमधे ७५ टक्के सोनं असतं, बाकीचा धातू त्याला कडकपणा देतो. हे करणाऱ्याला आधी माहीत असायला हवं, गिऱ्हाइकाने भांडून शोधून काढायचं नसतं.

दुरुस्तीला वेळ लागणार होता आणि बोट मोकळं बघवेना म्हणून मी चांदीची एक साधी अंगठी करून घेतली, अगदी अरुंद, बिनखड्याची. कारागिरांनी विचारलं आत मणी देऊ का, मी नकोच म्हणत होते, ते म्हणाले घालून तर बघा. आणि इथे मला माझं मत बदलावं लागलं. ती फिरली नाही. कारण अरुंद कडं सांध्यावरून लहान मापातही तिरकं करून सरकतं, माझं ५८ ला गेलं, मण्यांनी ५६ च्या आसपास आलं, आणि वर जड खडा नसल्यामुळे फिरवायला ओढही नाही. रुंद अंगठी त्याच बोटाला अर्धं माप मोठी लागते, मग खाली तितकी जास्त सैल पडते. म्हणजे मणी वाईट नव्हते, माझ्या रुंद, खडेवाल्या अंगठीला ते पुरणारे नव्हते. सांध्यात आणि मुळात एखाद्या मापाचाच फरक असेल तर उघडणाऱ्या कड्याच्या खर्चात पडूच नका, अरुंद अंगठी आणि मणी, भागतं. दोन मापांच्या पुढे मात्र मण्यांवर पैसे घालवू नका. आणि टंगस्टनची अंगठी असेल तर हे काहीच लागू नाही, ती कापून मोठी-लहान करता येत नाही.

माझी परत आली ती १८ कॅरेटची जीभ बसवून. रंगात किंचित फरक आहे, तळहाताच्या बाजूला असल्याने दिसत नाही आणि दिसला तरी मला चालेल. मजुरी घेतली नाही, सोन्याच्या फरकाचे पैसे मागत होते तेही दिले नाहीत. खटक्याची दुरुस्ती कशात धरली जाईल हे या वेळी पावतीवर लिहून घेतलं.

आता राहिलेली एकच कुरकुर, खटका कडक झालाय आणि अंगठ्याचा सांधाही दुखतो तेव्हा उघडायला जड जातो. कारागीर म्हणाले जिभेचं टोक थोडं घासून देतो, मी नको म्हटलं. बिजागरीत साबण आणि क्रीम साठतं, ते कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने काढते आणि नीट वाळवते. क्लोरीनच्या पाण्यात मात्र अंगठी घालत नाही, त्याने मिश्र सोन्याला तडे जाऊ शकतात, आणि जिथे स्प्रिंगसारखा ताण असतो तिथे आधी. आवाज परत ‘टक्’ आलाय, बंद करून नखाने ढकलून बघते, हलत नाही.