‘सीनियरचा सेट’ म्हणून गळ्यात मारलेली पायरेटेड पुस्तकं

मुलीचा यंदा सरकारी मेडिकलला नंबर लागला. पहिल्या वर्षाला विषय तीनच, अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री. पण अ‍ॅनाटॉमीचेच खंड वेगळे, अ‍ॅटलास वेगळा. नवा सेट दहा हजारांच्या वर जात होता. फी, हॉस्टेल, मेस यांच्यावर हा खर्च, म्हणून जुनी पुस्तकं घ्यायचं ठरलं. यात गैर काहीच नाही. डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या सीनियरच्या पुस्तकांवर शिकल्या आहेत.

नेमका याच विश्वासावर एकजण धंदा करतो आहे. नव्या अ‍ॅडमिशनवाल्या मुलांच्या टेलिग्राम ग्रुपवर त्याचा मेसेज आला: ‘फर्स्ट इयर पास झालो, पूर्ण सेट ओरिजिनल, निम्म्या किमतीत.’ मुलीशी बोलताना ‘ताई, अभ्यासाचं काही अडलं तर विचारा’ इतकं गोड. फोटोही पाठवले. पहिल्या पानावर पेनाने लिहिलेलं नाव, मजकुरावर हायलायटरच्या रेघा. कुणालाही खरंच वाटावं. निम्मे पैसे आधी यूपीआयने आणि उरलेले पार्सलचा ट्रॅकिंग नंबर आल्यावर, असा व्यवहार ठरला.

पार्सल आलं. पुस्तकं कोरी होती! नाव नाही, हायलायटर नाही. फोटो दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकांचे होते.

कागद इतका पातळ की मागच्या पानावरचा मजकूर दिसत होता. कव्हरवरचं होलोग्राम म्हणजे नुसतं छापलेलं करडं चित्र. पान हलवलं तरी चमकत नव्हतं. एका खंडात एक फर्मा, म्हणजे सलग सोळा पानं, दोनदा लागला होता आणि पुढचा फर्मा गायब होता. पण मला खरा संताप आला तो आकृत्या पाहून. अ‍ॅनाटॉमीत धमनी लाल, शीर निळी, मज्जातंतू पिवळा असा रंगांचा संकेत असतो, आणि मुलं त्या रंगांवरूनच मानेतली, काखेतली गुंतागुंत लक्षात ठेवतात. इथे छपाईचे रंग एकमेकांवर सरकले होते. निळ्याचा जांभळा झालेला, पिवळा जवळपास पुसलेला, नावांच्या रेघा भलतीकडेच टेकलेल्या. उद्या माणसाच्या शरीरावर हात ठेवणाऱ्या मुलांना हे विकायचं? पैशांपेक्षा मला याची चीड आहे.

शिवाय आवृत्ती जुनी. 2019च्या बॅचपासून एमबीबीएसला नवा, क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आहे, आणि त्यानंतरच्या पुस्तकांत प्रकरणांना त्यातल्या क्षमतांचे क्रमांक दिलेले असतात. कव्हर नव्या आवृत्तीचं, आत ते क्रमांक कुठेच नाहीत.

त्याला विचारलं तर ‘लो प्राइस एडिशन अशीच असते’ असं उत्तर आलं, आणि नंतर नंबर ब्लॉक. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे पटकन फोन केला तर समोरच्या खात्यातले पैसे गोठवता येतात, पण आमच्या बाबतीत तोवर ते पुढे गेले होते. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. अडचण एवढीच की विक्रेत्याचं नाव-पत्ता लागतो. पार्सलवर फक्त शहराचं नाव आणि बंद झालेला मोबाइल नंबर होता. पायरसीला कॉपीराइट कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, पण त्यासाठी माणूस सापडायला हवा.

म्हणून ऑनलाइन घेणाऱ्यांनी पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून व्हिडिओ मागा, आणि कोणतं पान उघडून दाखवायचं ते तुम्ही सांगा. रंगीत आकृतीचं पान सांगा. शेजारी कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून ठेवायला लावा. उचललेल्या फोटोंवर धंदा करणाऱ्याला हे जमत नाही. पूर्ण पत्ताही आधीच घ्या. शक्य असेल तर हॉस्टेलवर जाऊन सीनियरकडूनच घ्या, किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकात पानं चाळून घ्या. कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तक पेढी आहे का, हे तर सगळ्यात आधी विचारा. आमच्या मुलीला बायोकेमिस्ट्रीचं पुस्तक अखेर तिथूनच वर्षभरासाठी मिळालं.

तो मेसेज आता दुसऱ्या नावाने फिरतो आहे. मजकूर तोच आणि फोटोही तेच: निळ्या चादरीवर मांडलेली पुस्तकं, डावीकडे स्टेथोस्कोप. तुमच्या ग्रुपवर दिसला तर अ‍ॅडमिनला लगेच कळवा.