संगीत रिसर्च अकादमी, कोलकाता : तालमीला निवांत वेळ देणारी संस्था

शास्त्रीय गायनातली ‘विशारद’ ही परीक्षा झाल्यानंतर ज्यांना गाणे हेच आयुष्यभराचे काम करायचे आहे, अशा मुलामुलींना पुढे कोणाकडे आणि कसे शिकावे हे ठरवणे फार अवघड जाते. आठवड्यातून एक-दोन वेळा मिळणाऱ्या तासाभराच्या शिकवणीत राग कळतो, बंदिशींची वही भरत जाते. पण विलंबित ख्यालाची बढत, म्हणजे संथ लयीत रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार, कशी करायची, आपल्या गळ्याला काय शोभते आणि काय सोडून द्यावे, हे शिकण्यासाठी गुरूच्या सहवासात पुष्कळ काळ घालवावा लागतो. हा काळ उपलब्ध करून देणारी व्यवस्था म्हणून कोलकात्याच्या टॉलीगंज भागातील आयटीसी संगीत रिसर्च अकादमीकडे मी पाहतो, आणि या एका कसोटीवर ती मला देशातील फार मोलाची संस्था वाटते.

आयटीसी कंपनीच्या आश्रयाने १९७७ साली ही अकादमी सुरू झाली. आग्रा घराण्याचे, म्हणजे त्या गायनपरंपरेचे, गायक पं. विजय किचलू तिचे पहिले संचालक होते. निवडक शिष्यांना शिष्यवृत्ती द्यायची, गुरूंना मानधन आणि परिसरातच राहण्याची सोय द्यायची, म्हणजे पोटापाण्याची चिंता दोघांच्याही डोक्यावर राहणार नाही, हे तिचे मूळ सूत्र आहे. साधे वाटणारे हे सूत्रच निर्णायक आहे. गुरुगृही राहून शिकण्याची जुनी पद्धत संस्थानिकांच्या आश्रयावर उभी होती. तो आश्रय गेल्यावर गुरूला शिकवण्या आणि शिष्याला नोकरी शोधावी लागली, आणि तालीम उरलेल्या वेळात होऊ लागली.

ज्येष्ठ गायक उस्ताद निसार हुसेन खाँ अकादमीत गुरू म्हणून आले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांच्या नात्यातला, उत्तर प्रदेशातील बदायूँचा एक लहान मुलगाही आला. पुढे तो उस्ताद राशिद खाँ म्हणून जगाला ठाऊक झाला. घरातली तालीम संस्थेच्या आधाराने अखंड चालू राहिली, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

मराठी रसिकाला अधिक जवळचे वाटेल ते पं. उल्हास कशाळकर यांचे काम. पं. राम मराठे आणि पं. गजाननबुवा जोशी यांच्याकडे शिकलेले कशाळकर १९९३ मध्ये अकादमीत गुरू म्हणून गेले आणि तेथे त्यांनी दीर्घकाळ शिकवले. गजाननबुवांनी स्वतः ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेली होती. कशाळकरांच्या गाण्यात ही तिन्ही अंगे आपापली शिस्त न सोडता नांदतात. असे गाणे पाठ करून उचलता येत नाही. कोणत्या रागात कोणते अंग पुढे आणावे, हा विवेक गुरूच्या रोजच्या गाण्यातूनच शिष्यात उतरतो. मुंबईचे ओंकार दादरकर याच अकादमीत कशाळकरांकडे शिकले आणि नंतर तेथेच गुरू झाले. गुरूचा ठसा त्यांच्या गाण्यात स्वच्छ दिसतो, पण आवाजाचा लगाव, म्हणजे स्वर लावण्याची पद्धत, त्यांचा स्वतःचा आहे. शिष्य घडवण्यात गुरूचे यश याहून वेगळे कशात मोजावे?

अकादमीच्या संगीत संमेलनांमुळे शिष्यांना जाणकार श्रोत्यांसमोर गाण्याची संधी मिळते, हाही मोठा लाभ आहे. एकाच परिसरात वेगवेगळ्या घराण्यांचे गुरू असल्यामुळे इतरांचे गाणे कानावर पडत राहते. आपल्या गाण्याची दिशा ठरण्याच्या वयात असे ऐकणे फार उपयोगी पडते, असे मला वाटते.

उणिवाही सांगायला हव्यात. जागा मोजक्या आहेत, आणि निवड गाणे ऐकून होत असल्यामुळे जो आधीच बराच तयार आहे त्यालाच दार उघडते. चांगल्या प्राथमिक गुरूअभावी मागे राहिलेल्या, पण गळा आणि बुद्धी असलेल्या खेड्यातील मुलासाठी ही व्यवस्था नाही. भर मुख्यतः कंठसंगीतावर आहे. शिवाय सारा डोलारा एका कंपनीच्या आश्रयावर उभा आहे, ही गोष्ट मला काळजीची वाटते. अशा आणखी चार-पाच संस्था वेगवेगळ्या आश्रयदात्यांनी उभ्या केल्या असत्या, तर ही काळजी उरली नसती.

ज्याची रियाजाची बैठक पक्की आहे आणि जो काही वर्षे कार्यक्रमांची घाई न करता राहू शकतो, त्याने येथे जरूर प्रयत्न करावा. त्याआधी सध्याच्या गुरूंची ध्वनिमुद्रणे सावकाश ऐकावीत आणि ज्यांचे गाणे मनापासून पटते, त्यांच्याचकडे शिकण्याची इच्छा धरावी.