जीवनकौशल्य मापन संच: दोनदा भरून घेतल्यावर

व्यसनापासून मुलांना जपणारी कौशल्यं मोजायचा हा प्रश्नावली-संच मी आठवीच्या ३४ मुलांकडून दोनदा भरून घेतला. एकदा आमची जीवनकौशल्यांची सत्रं सुरू होण्याआधी, एकदा तीन महिन्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या १० जीवनकौशल्यांवर (निर्णय घेणं, संवाद साधणं, ताण हाताळणं वगैरे) तो बेतलाय. विधानापुढे ‘कधीच नाही’ ते ‘नेहमी’ अशा पाच चौकटी. अर्ध्या तासात काम होतं.

सगळ्यात आवडलेला प्रश्न शेवटच्या पानावर आहे: ‘तुमच्या वयाच्या १० मुलांपैकी किती जण सिगारेट ओढत असतील?’ कुणी सहा लिहिलं, कुणी आठ. मग मी बिननावाच्या चिठ्ठ्या टाकायला लावल्या, ज्याने त्याने स्वतःपुरतं खरं लिहायचं. ‘ओढून पाहिली’ म्हणणारे निघाले दोन. वर्ग एकदम गप्प झाला. ‘सगळेच ओढतात’ हा समजच मुलांना ढकलतो, आणि हा संच नेमका तो समज मोजतो.

आता अडचण. ‘मित्राने कितीही आग्रह केला तरी मी नाही म्हणू शकतो’ यापुढे एका मुलाने ठसठशीत ‘नेहमी’ केलं. त्याच दुपारी सत्रातल्या नाटुकल्यात मित्राने कागदाची सुरळी पुढे केली, ‘एकच झुरका, घाबरलास काय?’ पोरगा कसनुसा हसला आणि हात पुढे झाला. तीन महिन्यांनी त्याच विधानापुढे त्याने ‘कधीकधी’ निवडलं. संचाच्या हिशेबात त्याचं कौशल्य घटलं! खरं तर नाही म्हणणं किती जड जातं हे त्याला आता कळलंय. तेच नाटुकलं पुन्हा केलं तेव्हा ‘नको, मी चाललो खेळायला’ म्हणत तो सरळ उठून गेला. असं होऊ शकतं याबद्दल संचासोबतच्या पुस्तिकेत अवाक्षर नाही. गुण घटले म्हणून कुणी अशा मुलावर शिक्का मारला तर?

विधानांची भाषाही सुधारायला हवी. ‘मला नाही म्हणणं जमत नाही असं नाही’ हे तेरा वर्षांच्या मुलाने कसं वाचायचं? आणि पानाच्या डोक्यावर नावाची जागा कशाला? मी दुसऱ्या वेळी नावाऐवजी क्रमांक दिले, तर बाईंना बरं वाटावं म्हणून लिहिलेली उत्तरं बरीच कमी झाली.

पुढच्या तुकडीलाही हाच संच देणार आहे, पण नाटुकल्यात मूल काय बोललं, काय केलं याची वही सोबत ठेवून. त्या मुलाचे दोन्ही कागद मी एकाच टाचणीला लावून ठेवलेत.